घोरण्याचा जबाब

प्रिय बारक्या,

चव्वेचाळीस वर्षांच्या आणि डोक्यावर निम्मेच केस उरलेल्या माणसाला बारक्या म्हणू नये, हे मला कळतं. पण दोन वर्षं चार महिने मी तुला कुठल्याच नावानं हाक मारलेली नाही, तेव्हा आता नवीन नाव शोधत बसायची माझी तयारी नाही. पाकिटावरचं अक्षर बघून तू ते लगेच फोडणार नाहीस, हेही ठाऊक आहे. शाळेतून निकालाचा कागद आणलास की तू आधी पोटभर जेवायचास आणि मगच तो दप्तरातून काढायचास, कारण आईची बोलणी उपाशीपोटी ऐकायची तुझी हिंमत नसायची. तर जेवला असशील तर वाच. पत्र लांबलचक आहे. त्यात मी कुठेच चिडणार नाही असं कबूल करत नाही, पण तुझ्यावर चिडणार नाही एवढं नक्की.

आधी घरचं. आई ठणठणीत आहे. गुडघे थकलेत, तोंड अजिबात थकलेलं नाही. समोरच्या इमारतीला रंग लावायला आलेल्या माणसांना खिडकीतून सूचना देणं हा सध्या तिचा पूर्णवेळ धंदा आहे, आणि त्यांतला एक जण तर तिला विचारल्याशिवाय ब्रश बुडवत नाही. तुझ्या भाचीला दातांच्या दवाखान्यात नोकरी लागली, त्यामुळे घरात आता कोणी गोड खायला तोंड उघडलं की ती आधी आत डोकावते. आणि तुझे दाजी नऊ वर्षांनी स्वयंपाकघरातली गादी गुंडाळून आमच्या खोलीत झोपायला परत आलेत. हसू नकोस. ही या पत्रातली दुसऱ्या क्रमांकाची बातमी आहे. पहिल्या क्रमांकाची अशी, की गेल्या गुरुवारी माझी फेरसुनावणी झाली. मला पंपहाउसच्या कंट्रोल पॅनेलवर परत घ्यायचं, की निवृत्तीपर्यंत भांडारात वायसर मोजत बसवायचं, याचा कायमचा फैसला तिथे व्हायचा होता. तो काय झाला ते लगेच सांगणार नाही. मी दोन वर्षं थांबले, तू चार पानं थांब.

ती दुपार तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं माहीत नाही. माझी सात ते तीनची पाळी होती. दोन नंबरचा पंप चालू होता. दोन वाजून वीस मिनिटांनी मी लॉगबुकात दाब लिहिला, पेनाला टोपण लावलं, आणि पाण्याच्या पातळीच्या काट्याकडे बघितलं. काटा जागेवर होता. त्यानंतरची माझी पहिली आठवण म्हणजे पुढच्या पाळीला आलेला तू माझा खांदा गदागदा हलवतोयस, पंप किंचाळतोय, आणि केबिनमध्ये जळक्या पॅकिंगचा वास भरलाय. या दोन आठवणींच्या मधे माझ्याकडे काही नाही. डोळे जड झाले, जांभई आली, मान कलली, असलं काही म्हणता काही नाही. आत येणाऱ्या पाण्याच्या जाळीत कचरा अडकला, टाकीतली पातळी खाली गेली, धोक्याचा लाल दिवा अठरा मिनिटं माझ्या नाकासमोर पेटून राहिला, आणि पंप कोरडा फिरून फिरून जाम झाला. निम्म्या गावाला दोन दिवस पाणी नव्हतं. मोठ्या दवाखान्याला टँकर पाठवावे लागले. हे सगळं मला नंतर सांगण्यात आलं, आणि मला ते पटत नव्हतं. माझ्या हिशेबात मी फक्त एकदा काट्याकडे बघून मान वळवली होती. मी जागीच होते. कुणाच्याही डोक्यावर हात ठेवून मी तसं सांगितलं असतं.

मग ती चौकशी. इस्त्रीचा शर्ट घालून तू समोर बसला होतास, आणि मला वाटलं होतं की तू काहीतरी गोलमाल बोलून वेळ मारून नेशील. तुला विचारलं, तुम्ही आत गेलात तेव्हा काय पाहिलंत. तू म्हणालास, ताई झोपली होती. साहेबांनी विचारलं, डोळे मिटलेले असतील, झोपलीच होती हे कशावरून. तू खाली मान घालून म्हणालास, घोरत होती. आणि बारक्या, सगळा हॉल हसला. जबाब लिहून घेणारा कारकूनसुद्धा हसला, आणि हसता हसता त्यानं तो शब्द लिहून घेतला. त्या पॅनेलवर बसणारी मी पहिली बाई. तिथवर पोचायला मला एकोणीस वर्षं लागली. बाई मोटर चालवते की मोटर बाईला, असले पांचट विनोद मी इतकी वर्षं ऐकून सोडून दिले होते. नुसतं झोपली होती म्हणाला असतास तर दमली असेल बिचारी, असं कुणीतरी म्हणालं असतं. पण घोरणाऱ्या बाईबद्दल कुणालाच वाईट वाटत नाही, तिचं फक्त हसू होतं. त्यावर मी ताडकन उठून जे बोलले, ते लिहायला आत्ता हात धजत नाही. शेवटी लिहीन.

भांडार कसं असतं तुला माहीत आहे. लोखंडी मांडण्या, वायसरचे डबे, पॅकिंगच्या दोऱ्या, रबरी हातमोजे, पाइपांची भेंडोळी, आणि एक खिडकी, जिच्यातून माणसांचे फक्त हात दिसतात. तिथेही मी पेंगत होते, फक्त तिथे पेंगण्यानं कुणाचं पाणी तुटत नव्हतं. रोज सकाळी डोकं ठणकत उठायचे. आठ तास झोपूनही रात्रभर दगड फोडल्यासारखं अंग असायचं. चहावर चहा प्यायले, डोळ्यांवर पाणी मारलं, खुर्ची काढून टाकून उभ्यानं काम केलं, तर उभ्यानंच डुलकी लागून रजिस्टरावर कपाळ आपटलं. दाजी म्हणाले, वय झालं. आई म्हणाली, रक्त कमी असेल. मी स्वतःला आळशी, निर्लज्ज, कामचुकार, तोंडाला येईल ते म्हणून घेतलं. आणि तरीही त्या दुपारी मी जागीच होते, हे पालुपद मात्र सोडलं नाही. सोडलं असतं तर तुझ्याशी बोलावं लागलं असतं.

आता नीट वाच, कारण इथून सगळं फिरतं. गेल्या वर्षी मोठ्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं आणि ते उपसायला छोटा पंप न्यायचा होता. फोरमननं चिठ्ठी पाठवली, सहा मीटर पाइप द्या. आत तार गुंडाळलेला कडक पाइप संपला होता. मी पेंगुळलेल्या डोळ्यांनी मांडणीवरचा मऊ पाइप कापून दिला, तो पट्टीसारखा चपटा होऊन गुंडाळला जातो ना, तो. पंपाच्या कामात आठ दिवस घालवलेल्या माणसाच्या हातून ही चूक होत नाही. पंप पाणी पुढे ढकलतो त्या बाजूला मऊ पाइप चालतो, कारण आतलं पाणीच त्याला फुगवून उघडा ठेवतं. पण पंप पाणी ओढून घेतो त्या बाजूला मऊ पाइप लावला, की ओढीनं त्याच्या भिंती आत येऊन एकमेकींना चिकटतात. म्हणून तर ओढीच्या बाजूला तारेचा पाइप लागतो. हे तुला मी शिकवलं होतं, तुझ्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, आणि तू पुन्हा विचारलंस तेव्हा तुझी अक्कल काढली होती. फोरमननं मला मुद्दाम खड्ड्यापाशी बोलावून घेतलं. पंप चालू ठेवून, आठ माणसं गोळा करून, तो म्हणाला, या बाई, तुमची करामत बघा.

मी बघितली नाही, ऐकली. पाइप अर्धवट चपटा झाला होता आणि उरलेल्या फटीतून पाणी सुसाट ओढलं जात होतं. त्या ओढीनं पाइपाच्या भिंती थडथडत होत्या, आणि आवाज येत होता, घर्रर्र, घर्रर्र, घर्रर्र. मग भिंती पुरत्या चिकटल्या आणि आवाज एकदम बंद. पंप नुसताच थरथरला. मग पाइपाला गचका बसला, तो जरासा सुटला, घुसमटल्यासारखा एक मोठा आवाज झाला, आणि पुन्हा घर्रर्र. मी त्या चिखलात फतकल मारून बसले. फोरमनला वाटलं मला चक्कर आली, बिचारा पाणी आणायला धावला. मला चक्कर आली नव्हती. तो आवाज मी ओळखला होता. तो बाबांचा आवाज होता.

आपला खेळ आठवतो तुला? चौघं एका खोलीत, बाबा भिंतीकडे, आपण दोघं खिडकीकडे. कापडाच्या दुकानात दिवसभर उभं राहून आलेले बाबा पडल्या पडल्या घोरायला लागायचे. मग मधेच त्यांचा आवाज थांबायचा, आणि आपण बोटांवर आकडे मोजायचो. किती आकड्यांनी पुन्हा सुरू होतील ते आधी सांगायचं, ज्याचं जवळचं त्याला दुसऱ्या दिवशी खिडकीची जागा. तुझा चौतीसचा विक्रम होता. पुन्हा गचक्यासरशी आवाज सुरू झाला, की आपण उशा तोंडात कोंबून हसायचो, आणि आई झोपेतच आपल्याला एकेक रपाटा द्यायची. त्या खड्ड्यापाशी बसून मला कळलं, की आपण काय मोजत होतो. आपला बाप किती वेळ श्वास घेत नाही, ते मोजत होतो. छप्पन्नाव्या वर्षी बाबा रविवारी दुपारी जेवून खुर्चीत बसले आणि तसेच गेले. किती शांत मरण, असं भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणाला, आणि आपणही माना डोलावल्या. ते त्यामुळेच गेले असं मी म्हणत नाही, पुढे ज्यांच्याकडे गेले त्या डॉक्टरीणबाईंनीही म्हणू दिलं नाही. पण मला त्या सगळ्या माना डोलावणाऱ्यांचा राग आला, आणि त्यात मीही होते.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात जाऊन शरीरशास्त्राचं जाडजूड पुस्तक काढलं आणि घशाचं चित्र बघितलं. बारक्या, माणसाच्या घशात तार नाही! खाली श्वासनळीला कुर्च्यांच्या कड्या आहेत, वर नाकात हाड आहे, पण मधला वीतभराहून कमी तुकडा नुसता मऊ मांसाचा आहे. छाती पंपासारखी हवा ओढते आणि ती या मऊ पाइपातून येते. जागेपणी आजूबाजूचे स्नायू त्याला ताणून उघडा धरतात. झोप लागली की ते सैल पडतात, उताणं झोपलं की जीभही मागे सरकते, आणि वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून हवा जोरात जाते आणि टाळूचा मागचा मऊ पडदा, पडजीभ, सगळं थडथडायला लागतं. ते थडथडणं म्हणजे घोरणं. बस्स, एवढंच. त्यात आळस नाही, अडाणीपणा नाही, बाईमाणसाला न शोभणारं काही नाही. नाक चोंदलं, मान जाड झाली, दारू प्यायली, वय वाढलं, बायकांची पाळी गेली, की ते वाढतं. पुष्कळांचं तेवढ्यावरच भागतं, शेजारच्याची झोप मोडते एवढाच तोटा. पण काहींच्या पाइपाच्या भिंती पुरत्या चिकटतात. मी वाचनालयात मोठ्यानं हसले आणि तिथल्या बाईंनी मला बाहेर काढलं.

घशाच्या डॉक्टरीणबाई माझ्या निम्म्या वयाच्या आहेत आणि माझ्या दुप्पट कडक. त्यांना मी तपासायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, की माझी ओढीच्या बाजूची लाइन चपटी होते. त्या ऐकत होत्या आणि लिहीत होत्या. आपल्या खेळाचं सांगितलं, चौतीस म्हणाले, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी मला एका रात्रीसाठी दवाखान्यात झोपवलं. डोक्याला, छातीला, बोटांना, पायांना मिळून इतक्या वायरी लावल्या, की आपल्या पॅनेलच्या मागेही तेवढ्या नसतील. त्यातली एक मला सैल वाटली म्हणून मी ती स्वतःच घट्ट करायला गेले, तर नर्सनं हातावर चापट मारली. निकाल आला: तासाला एक्केचाळीस वेळा. म्हणजे दर दीड मिनिटाला माझा श्वास अडत होता, आणि प्रत्येक वेळी मेंदू दचकून मला क्षणभर जागं करत होता. तेवढ्यानं स्नायू ताठ व्हायचे, वाट उघडायची, आणि मी पुन्हा झोपेत. सकाळी त्यातलं काहीच आठवत नाही. सर्वांत लांब खंड बावन्न सेकंदांचा होता. तुझा विक्रम मोडला मी, शिवाय झोपेत.

तेव्हा बाईंनी मला समजावलं, की अशी वर्षानुवर्षं तुकड्यांत झोपलेली माणसं दिवसा कधी झोपतात ते त्यांना स्वतःला कळत नाही. डोळे उघडे असताना दोन क्षण जातात, मग दोन मिनिटं, मग अठरा. उठल्यावर ती शपथेवर सांगतात की मी जागा होतो, आणि खरंच तसं समजून सांगतात. घोरणारा जगातला एकटाच माणूस असा, की ज्याला ते ऐकू येत नाही. मग त्यांनी सहज विचारलं, तुम्ही घोरता हे तुम्हाला पहिल्यांदा कुणी सांगितलं. दाजींनी, असं मी म्हणणार होते. पण दाजी शहाणे, ते काही न बोलता गादी घेऊन स्वयंपाकघरात गेले होते. तोंडावर स्पष्ट सांगणारा एकच होता. मी म्हणाले, माझ्या भावानं. बाईंनी खोक्यातला कागदी रुमाल पुढे केला आणि औषधपाण्याचं लिहायला लागल्या.

औषध म्हणजे एक यंत्र आहे, जेवणाच्या डब्याएवढं. त्यातून नळी निघते, नळीला मुखवटा, तो नाकावर बांधून झोपायचं. यंत्र रात्रभर हवेचा हलका दाब देतं आणि तो दाब घसा आतून उघडा धरतो. मी बाईंना म्हणाले, म्हणजे तुम्ही माझी ओढीची लाइन ढकलणीची केलीत! त्या कडक बाई इतक्या हसल्या, की बाहेरच्या रोग्यांनी दार उघडून बघितलं. पहिले दहा दिवस वैतागले. मुखवटा डोळ्यांत हवा सोडायचा, दाजी विचारायचे की विमान कधी सुटणार. मग माझ्यातला फिटर जागा झाला. गळती कुठे आहे ते साबणाच्या फेसानं शोधलं, पट्टे बरोबरीनं ओढले, आणि अकराव्या दिवशी सकाळी उठले तेव्हा डोकं दुखत नव्हतं. मी पलंगावर बसून राहिले. खिडकीबाहेर दूधवाल्याची सायकल भिंतीला टेकवलेली होती आणि मला तिच्या चाकाची एकेक तार वेगळी दिसत होती. त्या दुपारी अडीच वाजता भांडारात मी सगळं वर्तमानपत्र वाचलं, नोकरीच्या जाहिरातींसकट, आणि मग रजिस्टराची तीन वर्षांची थकलेली जुळवणी काढून बसले. दाजी खोलीत परत आले, पण पहिल्या रात्री त्यांना शांततेनं झोप येईना. मी जिवंत आहे का ते बघायला त्यांनी मला दोनदा उठवलं. तेव्हा मात्र मी चिडले.

सात महिन्यांनी फेरसुनावणी लागली. मोठे साहेब मधे, दोन अधिकारी बाजूला, आणि मागे तोच हॉल, बहुतेक तीच माणसं. मी डॉक्टरीणबाईंचा अहवाल ठेवला. यंत्र रोज किती तास वापरलं याची नोंद यंत्रातच होते, ती ठेवली. न झोपण्याच्या परीक्षेचा निकाल ठेवला. अशी परीक्षा असते बरं का, अंधाऱ्या खोलीत मऊ खुर्चीत चाळीस चाळीस मिनिटं चार वेळा बसवतात आणि जागं राहायला सांगतात. शाळेत कधी पडले नाहीत तेवढे मार्क मला तिथे पडले, पैकीच्या पैकी. साहेब सगळं चाळून म्हणाले, पण बाई, घोरतं तर सगळं जग, मीही घोरतो, त्यात आजार कसला? मी पिशवीतून भांडारातला पातळ रबरी हातमोजा काढला, त्याचं एक बोट कापलं, टोक उडवलं आणि आखूड नळीवर चढवलं. म्हटलं, साहेब, नळी तोंडात धरा आणि हवा ओढा. त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि ओढली. रबर थडथडलं आणि भरल्या हॉलमध्ये साहेब फर्रर्र असे घोरले. सगळे हसले. म्हटलं, आता आणखी जोरात ओढा. त्यांनी ओढली, रबर चिकटून बंद झालं, गाल आत गेले आणि चेहरा लाल झाला. मी म्हणाले, हे तासाला एक्केचाळीस वेळा, साहेब, रोज रात्री, आणि सकाळी सातला पॅनेल. त्यांनी नळी खाली ठेवली. तासाभरानं निकाल वाचला. मी पॅनेलवर परत, बारक्या! सोमवारपासून, सात ते तीन, तीच खुर्ची, तोच दोन नंबरचा पंप. मागच्या रांगेतून पहिली टाळी फोरमननं वाजवली. आणि बाहेर पडताना साहेबांनी मला कोपऱ्यात गाठून हळूच डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहून घेतला.

निकालाची नक्कल सोबत आहे. पहिलं पान माझं. दुसरं पान तुझं, आणि हे पत्र त्या दुसऱ्या पानासाठी लिहिलंय. त्या चौकशीत मी उठून म्हणाले होते, हा खोटं बोलतोय, याला माझी खुर्ची हवी आहे. मग रागाच्या भरात तेच लिहून, सही करून तक्रार दिली. त्यानं तुझी बढती अडली, लोकांनी तुला बहिणीच्या मुळावर उठलेला ठरवलं, आणि तू एका शब्दानं उत्तर न देता तिकडे लांबच्या केंद्रावर बदली मागून निघून गेलास. सुनावणीच्या आदल्या दिवशी युनियनचा सेक्रेटरी सांगत होता, ती तक्रार लावून धरा, साक्षीदार खोटा ठरला की आरोपच पडतो, सुटाल. मी सुटले असते, पण तू कायमचा अडकला असतास. साहेबांनी निकालाआधी विचारलं, आणखी काही सांगायचं आहे का. मी उभी राहिले आणि म्हणाले, माझी तक्रार मी मागे घेते. साक्षीदार खरं बोलला. मी झोपले होते आणि घोरत होते. साहेब म्हणाले, बाई, विचार करा, हे कबूल केलंत तर आरोप सिद्ध होतो, मग नुसत्या डॉक्टरी कागदावर तुम्हाला परत घ्यायचं की नाही ते आमच्या मर्जीवर राहील. मी म्हणाले, राहू दे, पण हे शब्द आहेत तसे लिहून घ्या. त्याच कारकुनानं लिहून घेतले, आणि या वेळी कुणी हसलं नाही. तुझ्यावरचा ठपका काढल्याचं खाली साहेबांच्या सहीनिशी आहे. आईलाही मी सगळं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाली, आधी त्याला लिही. पहिले सहा महिने पॅनेलवर माझ्या जोडीला दुसरा माणूस असावा अशी अट आहे. कोण हवं विचारलं, तेव्हा मी तुझं नाव दिलं. बदलीचा अर्ज भरून सोबत ठेवला आहे, तुझी सही तेवढी राहिली आहे. ती करायची की नाही ते तुझं तू ठरव, नाही केलीस तरी मी समजून घेईन. तू आठ दिवसांचा कामगार होतास तेव्हा तुला हाताशी घेऊन शिकवलं मी, आणि माझ्या तोंडावर खरं सांगायची वेळ आली तेव्हा खाली मान घालून का होईना, तूच ते सांगितलंस. मी तुला खोटं पाडलं. मला माफ कर, बारक्या, आणि ये.

तुझीच, जागी असलेली,
ताई